पाच दिवस उघडी बाटली

मोन्सोरितो या वाईनच्या गावात क्लेलिया ब्रोंदोलो आणि तिचा काका एवाझिओ यांच्यात बारा वर्षं अबोला होता. दोघांचे द्राक्षमळे एकाच टेकडीच्या एकाच उतारावर, मधे हेझलनटच्या झुडपांची एक रांग तेवढी. छाटणीच्या दिवसांत दोघं दहा-दहा पावलांवर काम करत, एकमेकांच्या कात्रीचा आवाज ऐकत, पण मान कोणी वर करत नसे. रविवारी चर्चमधून निघताना काका डावीकडच्या पायऱ्यांनी उतरला की क्लेलिया उजवीकडच्यांनी उतरे. गावाला याची इतकी सवय झाली होती की लग्नाच्या जेवणात यजमान आधी या दोघांच्या खुर्च्या लांब लांब ठेवत आणि मग बाकीच्यांचा विचार करत.

अबोल्याचं मूळ एका वाक्यात होतं. एवाझिओ चाळीस वर्षं आल्बाच्या बाजारात वाईनचा दलाल होता. कोवळी तांबडी वाईन जिभेवर घेऊन ती किती वर्षं तग धरेल हे सांगण्यात त्याचा हात धरणारा त्या डोंगरांत कोणी नव्हता. दोन वर्षांची वाईन म्हणजे दोन वर्षांचं मूल, ते पुढे काय होणार हे कोण सांगणार? एवाझिओ सांगे, आणि बहुतेक वेळा तसंच होई. बारा वर्षांपूर्वी चौकातल्या खानावळीत, तोरिनोहून आलेले चार व्यापारी टेबलाशी बसलेले असताना, त्याच्या सख्ख्या भावानं, क्लेलियाच्या बापानं, सेकोंदोनं, आपल्या बारोलो वाईनचा पेला त्याच्यापुढे ठेवला होता. एवाझिओनं घोट घेतला, फरशीवर थुंकला आणि म्हणाला, "पाच वर्षांत मरेल ही."

व्यापारी आले तसे गेले. त्यानंतर त्या सालच्या वाईनला कोणी विचारेना. शेवटी सेकोंदोनं ती सगळी टँकरमध्ये ओतून स्वस्त वाईनमध्ये मसाले घालून व्हर्मूथ करणाऱ्या कारखान्याला देऊन टाकली. भावाला त्यानं एक शब्द विचारला नाही. तीन वर्षांनी तो मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेला, तेव्हा एवाझिओ दफनाला आला आणि फाटकाबाहेरच उभा राहिला. त्याला आत बोलवायला क्लेलिया गेली नाही.

तिला जास्त लागलं ते आणखी एका कारणानं. वाईन पारखायला तिला शिकवलं होतं ते याच काकानं. स्वतःच्या मुलाला, जिल्दोला, त्या वयात मोटरसायकलीपलीकडे काही दिसत नव्हतं, म्हणून एवाझिओ पुतणीला हाताशी घेऊन तळघरात बसे. पेला पांढऱ्या फडक्यावर तिरका धर, कड बघ. नेबिओलो द्राक्षाचा रंग मुळातच फिका, त्यावर जाऊ नकोस. तुरटपणा मोज, पण तो दातांवर बसतो की हिरड्यांवर ते बघ. आंबटपणा आहे का ते बघ, कारण कणा तोच. आणि गिळल्यावर गप्प बस. चव तोंडातून जाईपर्यंत मनात आकडे मोज. वाईन गेल्यावर जे उरतं, त्यावरच तिचं आयुष्य कळतं, त्याआधी तोंड उघडायचं नाही. आणि तरीही शंका असेल तर बाटली उघडी ठेव, रोज घोटभर चाख. जी पाच दिवस हवेला पुरून उरली ती वीस वर्षं बुचाखाली राहील. हे सगळं क्लेलियाला पाढ्यांसारखं पाठ होतं, आणि ते आठवलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

त्या फेब्रुवारीत लुगानोहून एक पत्र आलं. तिथला एक म्हातारा हॉटेलमालक, पेद्राझ्झी नावाचा, दरवर्षी एकाच घरची वाईन घेऊन आपल्या तळघरात वीस वर्षं झोपवत असे. यंदा त्यानं मोन्सोरितोच्या दोन घरांच्या वाईनी चाखल्या होत्या, क्लेलियाची आणि जिल्दोची, आणि त्याला ठरवता येत नव्हतं. जीभ आता पूर्वीसारखी चालत नाही, असं त्यानं सरळ लिहिलं होतं. एवाझिओ ब्रोंदोलोनं सहीनिशी जी निवडून द्यावी ती मी घेईन. तो जिल्दोचा बाप आहे हे मला माहीत आहे, पण वाईनच्या बाबतीत तो सख्ख्या भावालाही सोडत नाही असं ऐकून आहे.

हे शेवटचं वाक्य क्लेलियानं तीनदा वाचलं. मग कोट चढवला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा हेझलनटची रांग ओलांडून काकाच्या दारात गेली.

एवाझिओनं दार उघडलं. बहात्तरीचा, ताठ, दाढी गुळगुळीत. त्यालाही लुगानोचं पत्र आलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. आत ये असं तो म्हणाला नाही.

"तुझी पाठवून दे एक बाटली," तो म्हणाला. "चाखून कळवतो."

"पाठवते, आणि तुम्ही ती सिंकमध्ये ओतून पत्र लिहा. मला दूधखुळी समजलात का?"

"मग काय, पोपाला बोलवायचं पंच म्हणून?"

क्लेलिया घरून सगळं ठरवूनच आली होती. तिनं अटी सांगितल्या. दोन्ही घरच्या बाटल्या एकसारख्या, गळ्याला वेगवेगळ्या रंगाचा दोरा, कुठली कोणाची हे फक्त तिसऱ्या माणसाला ठाऊक. पाच दिवस उघड्या ठेवायच्या, रोज अकरा वाजता दोघांनी समोरासमोर बसून चाखायच्या. शेवटी दोघांनी आपापलं मत लिहायचं. पत्र मात्र लुगानोला त्याचंच जाईल. एवाझिओला हे अपमानाचं वाटलं, आणि त्यानं तसं बोलूनही दाखवलं. पण नकार दिला तर गाव काय म्हणेल हेही त्याला दिसत होतं. तिसरा माणूस कोण, असं त्यानं विचारलं. नोरीना, ती म्हणाली. यावर त्यानं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

नोरीनानं गावच्या पोस्टात बत्तीस वर्षं काढली होती. एवढ्या वर्षांत तिनं कोणाचं पत्र उघडलं नाही आणि कोणाला कोणाचं पत्र येतं हे कोणाला सांगितलं नाही, असं सगळे मानत. शिवाय ती दारूला शिवत नसे. वाईनला ती सडकं पाणी म्हणे, तेही बारोलोच्या गावात राहून. दोन्ही बाटल्या तिनं स्वतः जाऊन दोन्ही तळघरांतल्या पिंपांतून भरून आणल्या, एकीला पांढरा दोरा बांधला, एकीला तांबडा, कुठली कोणाची ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं, आणि स्वैपाकघरामागच्या थंड कोठीत कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली.

सोमवारी अकराला तिघं तिच्या स्वैपाकघरात बसली. चुलीवर बीट उकडत होते. नोरीनानं पेले मांडले, मधे कोरड्या पावकाड्यांची बशी ठेवली, बजावलं की माझ्या घरात आवाज चढवायचा नाही, आणि विणकाम घेऊन खिडकीशी बसली.

क्लेलियानं पांढऱ्या दोऱ्याचा पेला नाकाशी नेला आणि तिला क्षणात कळलं की ही आपली. अडीच वर्षं रोज जिच्या पिंपाशी उभं राहिलं, ती काय ओळखू येणार नाही? रासबेरीचा भरघोस वास, मऊ, गोडसर, पहिल्याच घोटात गळ्यात पडणारी. तांबड्या दोऱ्याची वाईन उलट होती. नाकाला काही लागूच देईना. तोंडात घेतली तर जीभ टाळूला चिकटली आणि हिरड्या आवळून आल्या. जिल्दो असली वाईन करतो हे तिला ठाऊक नव्हतं. तो घाई करतो, असंच ती ऐकून होती.

एवाझिओनं दोन्ही चाखल्या. तांबडीचा घोट अजून पुरता उतरलाही नसेल, तोवर त्यानं पेला खाली ठेवला.

"पांढरी पंचवीस वर्षं जाईल," तो म्हणाला. "तांबडी म्हणजे चपलेचं कातडं. ही कधी उघडायची नाही. बापाच्या हातची चाल अजून सुटली नाही काही जणांची."

 क्लेलियाकडे बोलण्यासारखं इतकं होतं की तिला आधी ते नीट लावून घ्यावं लागलं. काकाला वाटत होतं की तांबडी तिची. साहजिक होतं. सेकोंदोची वाईन कोवळेपणी तशीच असे, आणि मुलीनं बापाची रीत सोडली असेल हे त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. बारा वर्षांत तो तिच्या तळघराची पायरी उतरला नव्हता, आणि जिल्दोही बापाला आपल्या पिंपांजवळ फिरकू देत नसे. तर तिच्याविषयीच्या डुखानं तो स्वतःच्या मुलाच्या वाईनला लाथ घालत होता, आणि तिच्या वाईनला डोक्यावर घेत होता.

एवाझिओनं खिशातून पेन काढलं. पाच दिवसांची काही गरज नाही, आत्ताच लिहून देतो, म्हणाला. क्लेलियाच्या तोंडाशी 'लिहा' आलं होतं. लिहून झालं असतं की नोरीनानं चिठ्ठी उघडली असती, आणि काकाचं तोंड बघायला मिळालं असतं. पण नोरीनानं विणकामातून मान वर न करता सांगितलं की ठरलंय पाच दिवस, आणि माझी कोठी मी उगाच रिकामी केलेली नाही. पेन परत खिशात गेलं.

घरी परतताना क्लेलिया खुशीत होती. तिनं काहीही न करता शत्रू आपणच स्वतःचा खड्डा खणत होता, तिनं फक्त गप्प बसायचं होतं.

मंगळवारी पांढरी तशीच गोड होती. फक्त गिळल्यावर तिनं आकडे मोजले ते चारापर्यंतच पोचले. सोमवारी तिनं मोजलेच नव्हते. तांबडी अजून दार लावून बसलेली, पण तिची चव तोंडातून जायला चौदा आकडे लागले. एवाझिओनं पुन्हा पांढरीची स्तुती केली आणि वर टोमणा मारला की काही वाईनी काही माणसांसारख्या असतात, नुसत्या कडक, आत काही नाही. क्लेलिया म्हणाली की काही माणसं तर थुंकायलाही फरशीच शोधतात. नोरीनानं सुयांचा आवाज मोठा केला.

बुधवारी पांढरीतली रासबेरी मुरंब्यासारखी लागली. वास होता, पण ताजा नव्हता. आंबटपणा कुठे शोधून सापडेना. क्लेलियानं दुसरा घोट घेतला, मग तिसरा, जणू चूक जिभेची असावी. चूक जिभेची नव्हती. तिला आठवलं, त्या वर्षी तिनं द्राक्षं उशिरा तोडली होती, आंबटपणा जाऊन चांगली गोड होऊ दिली होती, आणि साली रसात फक्त अकरा दिवस ठेवल्या होत्या. सेकोंदो पस्तीस दिवस ठेवायचा, कारण तुरटपणा सालींतूनच उतरतो. तिनं अकरा दिवसच का ठेवल्या? कारण तिला अशी वाईन हवी होती की पहिल्या घोटाला कोणी तोंड वाकडं करणार नाही, कोणी फरशीवर थुंकणार नाही. भर खानावळीत बापाच्या कडक वाईनचं जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. समोर बसलेल्या या माणसाच्या एका वाक्याला भिऊन तिनं वाईनचा कणाच काढून टाकला होता.

तांबडीतून त्या दिवशी पहिल्यांदा गुलाबाचा वास आला, पुसटसा. तो तिला आला तसा एवाझिओलाही आला. त्याचं नाक पेल्यात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं. त्याच्या डोळ्यांत क्षणभर जे आलं ते क्लेलियानं लहानपणी तळघरात पाहिलेलं होतं, चांगली वाईन भेटल्याचा आनंद. मग त्यानं पेला ठेवला आणि कालचंच बोलला.

म्हणजे त्याला कळलं होतं.

गुरुवारी भांडण झालं. पांढरीला आपटलेल्या सफरचंदाचा वास येऊ लागला होता, कड तपकिरी पडली होती. तांबडी मात्र फुलली होती. वाळलेला गुलाब, डांबर, संत्र्याची साल, आणि खाली तो तुरटपणा अजून तसाच उभा, पण आता टोचत नव्हता. एवाझिओनं पांढरीचा घोट घेऊन मान डोलावली आणि म्हणाला, कालच्यापेक्षाही छान. क्लेलियानं विचारलं की हे तुमच्या नाकाला मान्य आहे का. त्यावर तो भडकला. माझ्या नाकावर या पंचक्रोशीची तळघरं भरली, म्हणाला, तुझ्या बापाला नाकही नव्हतं आणि पाठीचा मणकाही नव्हता, एका वाक्यानं झोपला तो. मर्द असता तर माझ्या दारात येऊन भांडला असता.

"तो भांडला नाही, कारण त्याला वाटलं तुम्ही खरं बोललात," क्लेलिया म्हणाली. "शेवटपर्यंत तेच धरून बसला. भाऊ म्हणतो म्हणजे असेल, म्हणायचा. मी समजावून समजावून थकले."

एवाझिओनं पावकाडी मोडून बशीत टाकली आणि टोपी घेऊन निघून गेला. नोरीनानं तुकडे गोळा केले. तू उद्या येऊ नकोस असं वाटत असेल तर नको येऊस बाळ, म्हणाली. क्लेलिया म्हणाली की मी येणार.

ती घरी जाऊन जेवली नाही. तळघरात उतरली आणि आपल्या पिंपांसमोर उकिडवी बसली. गप्प राहिलं तर लुगानोचा म्हातारा तिची वाईन घेणार होता. ती वीस वर्षं झोपवणार होता, आणि चौथ्या-पाचव्या वर्षीच ती मेलेली असणार होती. त्या म्हाताऱ्याला कदाचित कळलंही नसतं. जिल्दोची वाईन, जी खरंच जगणार होती, तिला त्याच्याच बापानं मारलं असतं, अगदी सेकोंदोच्या वाईनला मारलं तसं. आणि या वेळी ते होताना क्लेलिया शेजारी बसून बघत असणार होती. काकाला धडा मिळाला असता, यात शंका नाही. पण हे सगळं कोणाच्या पद्धतीनं झालं असतं? तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं पिंपावर हातातला दिवा आपटला, आणि काच फुटली.

शुक्रवारी नोरीनानं दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला. वाईनी ओतल्या. एवाझिओनं पांढरी चाखली, तांबडी चाखली, आणि घोट तोंडात असतानाच लिहायला लागला. क्लेलियाचा हात पेल्यावर थांबला. गिळल्यावर गप्प बस, आकडे मोज, हे ज्यानं शिकवलं तो माणूस मोजत नव्हता. सोमवारीही त्यानं मोजलं नव्हतं. आणि खानावळीत, बारा वर्षांपूर्वी, बापाशेजारी उभी असताना तिनं हेच पाहिलं होतं: थुंकणं आणि बोलणं एकाच दमात. तिला वाटायचं की तेव्हाचा तो उद्दामपणा होता. तो उद्दामपणा नव्हता. खरं सांगायचं असलं की एवाझिओला वेळ लागायचा. खोटं आधीच तयार असायचं.

तिनं आपली चव संपेपर्यंत मोजलं. पांढरी तीन. तांबडी एकोणीस. मग लिहिलं आणि सही केली.

नोरीनानं चष्मा लावून आधी एवाझिओचा कागद वाचला. पांढऱ्या दोऱ्याची वाईन पंचवीस वर्षं टिकेल, ती घ्यावी. तांबड्या दोऱ्याची पाच वर्षांत मरेल, ती घेऊ नये. मग क्लेलियाचा वाचला. पांढरी तीन वर्षं, फार तर चार, आताच पिऊन टाकावी. तांबडी पंचवीस वर्षं, आणि पहिली दहा हात लावू नये.

एवाझिओ हसला. आपल्या मालाची बाजू प्रत्येक जण घेतो, त्यात नवल काय, म्हणाला.

"पांढरी माझी आहे," क्लेलिया म्हणाली.

तो हसतच राहिला थोडा वेळ, कारण चेहऱ्याला अजून कळलं नव्हतं. नोरीनानं एप्रनच्या खिशातली घडी उलगडली आणि टेबलावर ठेवली. पांढरा दोरा क्लेलिया, तांबडा जिल्दो, असं पोस्टातल्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं.

एवाझिओचा हात आपल्या कागदाकडे गेला. त्याआधी क्लेलियानं तो उचलला होता.

"दे तो."

"का? पत्र लुगानोला जायचंय. तुमची सही आहे, मत तुमचं आहे. तुमचा मुलगा वाट बघतोय ना?"

"क्लेलिया."

"बुधवारीच कळलं होतं तुम्हाला. गुलाब आला तेव्हा. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते."

त्यानं समोरचा पेला दूर सारला.

"बाबाच्या वाईनला काय झालं होतं?"

नोरीनानं चूल बारीक केली. एवाझिओ टेबलावरच्या पेल्यांकडे बघत बसला. मग त्यानं जे सांगितलं ते अगदी कोरड्या आवाजात, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. सेकोंदोच्या वाईनला काहीही झालं नव्हतं. तशी वाईन त्यानं आयुष्यात दोनदा चाखली होती. त्या साली त्याची स्वतःची पिंपं भरलेली पडून होती, आणि तोरिनोचे लोक आल्यापासून सेकोंदोचंच नाव घेत होते, त्याच्यासमोर, त्याच्याच ओळखीवर आलेले असून. पेला हातात आला, वास घेतला, आणि आपण याच्या पासंगालाही पुरणार नाही हे कळलं. मग तोंडातून ते निघालं. दुसऱ्या दिवशी परत घेता आलं असतं. घेतलं नाही.

"तो आला नाही माझ्याकडे," एवाझिओ म्हणाला. "एकदा तरी यायचं होतं त्यानं."

"म्हणजे चूक त्याचीच."

"असं नाही म्हणालो मी."

"आयुष्यभर हेच म्हणालात," क्लेलिया म्हणाली.

तिनं त्याचा कागद घडी घालून नोरीनाच्या हातात दिला आणि अट घातली. रविवारी प्रार्थनेनंतर खानावळीत सगळे असतात. तिथे उभं राहून हे सगळं सांगायचं, जिथे तेव्हा सांगितलं होतं तिथेच. सांगितलं तर कागद नोरीनाच्या कपाटात राहील. नाहीतर सोमवारी जिल्दोच्या हातात पडेल. एवाझिओ म्हणाला की हे हलकट काम आहे. क्लेलिया म्हणाली की हो, आहे, तुमच्याच हाताखाली शिकले. मग तिनं दुसरा कागद मागून घेतला आणि तिथेच बसून लुगानोला लिहिलं की जिल्दो ब्रोंदोलोची वाईन घ्यावी, माझी घेऊ नये, ती टिकणार नाही. खाली सही केली आणि कागद एवाझिओपुढे सरकवला. त्यानंही खाली सही केली. 

रविवारी तो खानावळीत उभा राहिला. क्लेलिया मुद्दाम गेली नाही. नोरीनानं नंतर सांगितलं की चार वाक्यांत बोलला, टोपी डोक्यावर ठेवूनच, आणि संपल्यावर कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे पुष्कळ दिवस लोक क्लेलियाच्या दारात येऊन हळहळत. सेकोंदो काय माणूस होता, काय वाईन होती. तिला त्यांचा काकापेक्षा जास्त राग येई. तेव्हा यांच्यापैकी एकानं तरी दुसरा घोट घेऊन बघायचा होता.

लुगानोच्या म्हाताऱ्यानं जिल्दोची वाईन घेतली. जिल्दो फुलांची कुंडी घेऊन आभार मानायला आला, बापाच्या वतीनं माफी मागू लागला. क्लेलियानं कुंडी घेतली आणि सांगितलं की तुझी वाईन चांगली आहे, तुझ्या बापाचा आणि तिचा काही संबंध नाही, ती लवकर उघडू नकोस. आत मात्र बोलावलं नाही. तिनं स्वतःची त्या सालची सगळी वाईन बारोलो न म्हणता साध्या नावानं बाटल्यांत भरून वसंत ऋतूतच तोरिनोच्या खानावळींना पाठवून दिली. लोकांना ती आवडली. उन्हाळा सरेपर्यंत संपली.

ऑक्टोबरात नवी द्राक्षं हौदांत होती. गावानं बहुतेक हौद रिकामे केले होते, साली काढून पिंपं भरली होती. क्लेलिया एकोणिसाव्या दिवशीही शिडीवर उभी राहून लाकडी दांड्यानं वर आलेल्या साली खाली रसात ढकलत होती. हात कोपरांपर्यंत जांभळे. फाटकाशी कोणी आलं म्हणून तिनं बघितलं तर एवाझिओ होता, टोपी हातात घेऊन. आठ महिन्यांत म्हातारा झाला होता. ती शिडीवरून उतरली आणि फाटक न उघडता अलीकडे उभी राहिली.

तो आधी हौदाच्या वासाकडे नाक करून थोडा थांबला. मग म्हणाला, "सेकोंदोच्या त्या सालच्या काही राहिल्या आहेत का? सगळ्या टँकरात नसतील गेल्या. त्याची सवय मला माहीत आहे."

"नऊ आहेत."

"एक देतेस? विकत दे असं नाही म्हणत. इथे उभ्याउभ्या पेलाभर चाखू दे. परत नाही यायचो."

क्लेलियानं एप्रनला हात पुसले. बाटल्या तळघराच्या मागच्या भिंतीत होत्या, मेणानं बंद, बापानं स्वतः लावलेल्या. तिनंही त्यांतली एक कधी उघडली नव्हती. भीतीनं उघडली नव्हती, हे तिनं आता मनाशी कबूल केलं.

"पाच वर्षांत मरणार होती ती," ती म्हणाली. "तिला आता कशाला उकरता?"

  मग त्यानं टोपी घातली आणि उताराच्या वाटेनं हेझलनटच्या रांगेकडे चालू लागला, एक पाय जरा जपून टाकत. तो वळणाआड जाईपर्यंत क्लेलिया बघत होती. आपल्याला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. ती परत शिडीवर चढली. साली पुन्हा वर येऊन कोरड्या पडायला लागल्या होत्या, आणि अजून सोळा दिवस बाकी होते.